रोग रेड्याला, औषध पखालीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे चार थेंब पडले की सांगली-सातारा भागातल्या गोठ्यांत गोचीड दिसू लागतात. तेव्हापासून दिवाळीपर्यंत ‘गाईला गोचीडताप झालाय’ हे वाक्य दूध संकलन केंद्रावर रोज कुणा ना कुणाच्या तोंडी असतेच. माझी तक्रार या नावापासूनच सुरू होते. गोचीडताप या एका नावाखाली आपण निदान तीन वेगळे रोग कोंबले आहेत. थायलेरिया आणि बबेसिया हे दोन प्रोटोझोआ, म्हणजे रक्तात राहणारे एकपेशीय परजीवी. तिसरा ॲनाप्लाझ्मा, तो जिवाणू. ताप तिन्हींत येतो, वैरण तिन्हींत सुटते, दूध तिन्हींत उतरते. औषधे मात्र वेगळी. थायलेरियाला बुपारव्हाकोन. बबेसियाला डिमिनॅझिन किंवा इमिडोकार्ब. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, आणि इमिडोकार्ब त्यालाही चालते. बुपारव्हाकोन बबेसियाच्या कामाचे नाही आणि डिमिनॅझिन थायलेरियाला हात लावत नाही.

हे ठाऊक असूनही अनेक गोठ्यांत घडते ते असे. ताप १०५ दिसला की एक सुई डिमिनॅझिनची, एक टेट्रासायक्लिनची, वर तापाची एक, आणि ‘उद्या सांगा’. दुसऱ्या दिवशी ताप तसाच असला की दुसरा माणूस येतो आणि बुपारव्हाकोन देतो, तेही बाटलीत उरलेले असेल तेवढे. यात थायलेरियाच्या गाईचे दोन दिवस फुकट जातात, आणि या रोगात दोन दिवस म्हणजे फार झाले. बरे, तिन्ही औषधे एकदम दिली म्हणजे सुटलो, असेही नाही. त्याचे कारण मिलीच्या हिशेबात आहे.

बाजारातल्या बुपारव्हाकोनच्या एका मिलीत ५० मिलिग्रॅम औषध असते आणि मात्रा किलोला २.५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलो वजनाला १ मिली. तयार डिमिनॅझिनच्या एका मिलीत ७० मिलिग्रॅम, मात्रा किलोला ३.५ मिलिग्रॅम. म्हणजे पुन्हा २० किलोला १ मिलीच. योगायोगाने दोन्हींचे माप सारखे आल्यामुळे ‘गोचीडतापाचं इंजेक्शन मोठ्या गाईला पंधरा-वीस सीसी’ असा एक ठोकताळा तोंडोतोंडी पसरला आहे. आता तिसरी बाटली उचला. इमिडोकार्ब एका मिलीत १२० मिलिग्रॅम असते आणि बबेसियाच्या उपचाराची मात्रा किलोला १.२ मिलिग्रॅम. म्हणजे १०० किलोला १ मिली. पौने चारशे किलोच्या गाईला पौने चार मिली पुरतात. तिथे जुन्या ठोकताळ्याने १८-१९ मिली भरले तर पाचपट औषध गेले. मग तोंडाला लाळेच्या तारा, डोळ्यांना पाणी, पोटात मुरडा, पातळ शेण, धाप, आणि नशीब वाईट असेल तर गाय हातची जाते. हे औषध कातडीखाली किंवा स्नायूतच द्यायचे, शिरेत कधीही नाही. लाळ सुटलीच तर उतारा म्हणून ॲट्रोपिन हाताशी हवे. सीसी पाठ करणाऱ्याने आधी बाटलीवरचे मिलिग्रॅम वाचायला शिकावे, एवढेच म्हणणे आहे.

उलट चूक याहून जास्त होते, ती कमी मात्रेची. गाईचे वजन अंदाजाने ‘अडीचशे असंल’ म्हणून धरले जाते. घरात चार हाताची टेप असते ती वापरावी. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारच्या टोकदार हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येते. घेर ६६ इंच आणि लांबी ५६ इंच असलेली मध्यम बांध्याची संकरित गाय या हिशेबाने ३७० किलो भरते. तिला बुपारव्हाकोन साडेअठरा मिली लागते. अडीचशे किलो धरून साडेबारा मिली दिले तर किलोला जेमतेम १.७ मिलिग्रॅम पडले. परजीवी दबतो, मरत नाही. ताप दोन दिवस उतरतो, पाचव्या दिवशी पुन्हा चढतो आणि मालक म्हणतो, औषधच डुप्लिकेट होते. अशा अर्धवट माऱ्यातून वाचलेले परजीवीच पुढे औषधाला न जुमानणारे निघतात. ट्युनिशिया आणि इराणमध्ये बुपारव्हाकोनला दाद न देणारा थायलेरिया सापडला आहे. त्याच्या सायटोक्रोम बी या जनुकात बदल झालेले दिसतात. आपल्याकडे या औषधाच्या जागी उभे राहील असे दुसरे औषध दुकानात नाही, हे लक्षात ठेवून सुई भरावी.

बुपारव्हाकोन मानेच्या स्नायूत खोल द्यायचे. एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही. साडेअठरा असेल तर मानेच्या एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला साडेआठ. सगळे एकाच ठिकाणी कोंबले की तिथे गळूसारखी सूज येते, औषध नीट शोषले जात नाही आणि गाय मान वळवेनाशी होते. ताप साधारण एक ते दोन दिवसांत उतरतो, रोगाने मानेच्या बुडाशी सुजलेल्या गाठी ओसरायला आठवडा लागू शकतो. ४८ ते ७२ तासांनी गरज वाटली तर त्याच मात्रेत दुसरा डोस. पहिल्या रात्रीच ‘अजून ताप आहे’ म्हणून औषध बदलणे ही घाई झाली.

तापाच्या सुईबद्दलही बोलले पाहिजे. काही जण डेक्सामेथासोन देतात. दोन-तीन तासांत ताप खाली येतो, गाय गव्हाणीत तोंड घालते, मालक खूश. पण ते स्टेरॉइड आहे. परजीवीशी झुंजणारी गाईची स्वतःची ताकदच ते खाली बसवते, आणि शेवटच्या तीन महिन्यांतली गाभण गाय असेल तर ती वासरू टाकू शकते. तापासाठी मेलोक्सिकॅम पुरते. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये आली. डायक्लोफिनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊनच गिधाडे गेली. तरी माणसांच्या मेडिकलमधून मोठी बाटली आणून गाईला टोचणारे अजून भेटतात.

आता मुख्य मुद्दा. कोणती बाटली फोडायची हे ठरवायला महागडी मशीन लागत नाही. एक काचपट्टी लागते, तीही औषध देण्याआधी. कानाच्या टोकाचे केस कातरायचे, स्पिरिटने पुसायचे आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचे. ओल्या स्पिरिटात रक्त मिसळले की पेशी फुटतात आणि पट्टी वाया जाते. सुईने टोचून आलेला पहिला थेंब काचेच्या एका टोकाला घ्यायचा, दाण्याएवढाच. दुसरी काच तिरपी, साधारण ४५ अंशांत टेकवायची, थेंब तिच्या कडेने पसरू द्यायचा आणि एका झटक्यात पुढे ओढायची. नीट जमलेली पट्टी जिभेच्या आकाराची दिसते, शेवटाकडे पातळ होत जाणारी. जाड झाली तर पेशी एकावर एक चढतात आणि कुणालाच काही दिसत नाही. मग हवेत हलवून वाळवायची. उन्हात नको, चुलीजवळ नको. उघडी ठेवली तर माशा आणि मुंग्या रक्त चाटून नेतात, हे गोठ्यात हमखास घडते. काचेच्या टोकावर शिसपेन्सिलीने बिल्ल्याचा नंबर आणि तारीख. पेनाची शाई मिथाइल अल्कोहोलमध्ये निघून जाते. तीन ते पाच मिनिटे मिथाइल अल्कोहोलमध्ये बुडवली की पट्टी पक्की झाली. प्रयोगशाळेत ती अर्धा तास गिम्सा रंगात ठेवतात आणि तेलाच्या भिंगाखाली पाहतात. सोबत जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त बर्फावर, पण बर्फात गोठणार नाही असे, दिले तर रक्त किती उतरले आहे तेही कळते.

भिंगाखाली तिघांची चेहरेपट्टी निराळी. बबेसिया तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराच्या जोडीने बसतो, टोकाला टोक जुळवून. थायलेरिया फार बारीक, अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा. ॲनाप्लाझ्मा पेशीच्या कडेला काळपट ठिपका. इथे एक सावधगिरी मात्र हवी. थायलेरियातून बरी झालेली गाय पुढे बराच काळ, कधी जन्मभर, थोडे परजीवी रक्तात बाळगते. देशी खिल्लार बैल तर आजारी न पडताही बाळगतो. म्हणून पट्टीवर एखाददुसरी अंगठी दिसली म्हणजे आजचा ताप थायलेरियाचाच असे नव्हे. खांद्याच्या पुढे मानेच्या बुडाशी आणि मांडीच्या पुढच्या घडीत बोटे फिरवा. ताज्या थायलेरियात तिथली गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी, टणक लागते. त्या गाठीत सुई घालून काढलेल्या पाण्याची पट्टी केली आणि पांढऱ्या पेशींत निळसर गोळे दिसले, ज्यांना कॉखचे निळे गोळे म्हणतात, तर शंका उरत नाही. डोळ्यांत पाणी, खोकला, पापणीच्या आत सुईच्या टोकाएवढे तांबडे ठिपके, पुढे कावीळ, ही त्याच रोगाची लक्षणे. पापणी कागदासारखी पांढरी पडली आणि गाय ओठंगून धापा टाकू लागली की मग नुसत्या बुपारव्हाकोनच्या हातात फारसे राहत नाही. निरोगी जनावराचे चार-पाच लिटर रक्त चढवावे लागते. ते काम पशुवैद्यकाचे, गोठ्यातल्या हौशी हाताचे नव्हे.

बबेसियाची खूण लघवीत. चहा-कॉफीच्या रंगाची, फेसाळ. लोक लगेच ‘रक्त पडतंय’ म्हणतात. काचेच्या बाटलीत ती लघवी तासभर स्थिर ठेवा. तळाशी तांबडा गाळ बसला तर मूत्रमार्गातून रक्तच येते आहे, ते प्रकरण वेगळे. पूर्ण बाटली एकसारखी तांबडी राहिली तर रक्तपेशी आत शिरेतच फुटत आहेत. आता थर्मामीटर लावा. ताप १०४ ते १०६ असेल तर बबेसियाचा संशय धरून पट्टी काढून डिमिनॅझिन. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत लघवीचा रंग निवळतो.

पण ताप नाही, आणि जनावर दोन-चार आठवड्यांपूर्वी व्यालेली दुधाळ म्हैस आहे? तर थांबा. साखर कारखान्याच्या हंगामात वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, फुकटात मिळतात म्हणून कडेगाव, वाळवा, कराडकडे म्हशी महिनोन्‌महिने वाढी आणि सुक्या वैरणीवर असतात. त्यात फॉस्फरस कमी. व्यायल्यावर दुधातून तो आणखी जातो आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. लघवी अगदी बबेसियासारखीच तांबडी होते. या म्हशीला डिमिनॅझिनच्या दहा बाटल्या दिल्या तरी उपयोग शून्य. तिला लागतो सोडियम ॲसिड फॉस्फेट, ६० ग्रॅम ३०० मिली निर्जंतुक पाण्यात, शिरेतून, आणि नंतर पोटातून. खनिज मिश्रणाचा मूठभर खर्च वाचवला म्हणून म्हैस गेल्याची उदाहरणे या पट्ट्यात जागोजाग सापडतील. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

डिमिनॅझिन १९५५ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, म्हणून त्याला सगळेच गृहीत धरतात. पुडीतली भुकटी वापरत असाल तर पुडीवर सांगितले तेवढेच निर्जंतुक किंवा उकळून गार केलेले पाणी घाला, त्याच दिवशी संपवा. कालचे उरलेले द्रावण आज दिले की औषधाचा भरवसा राहत नाही. आणि गाईचे उरलेले औषध राखणीच्या कुत्र्याला ‘त्यालाही गोचीड हायत’ म्हणून टोचू नका. कुत्र्यात उपचाराची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे, मेंदूत रक्तस्राव होतो.

ऑक्सिटेट्रासायक्लिन शिरेतून भसकन सोडले की ते रक्तातला कॅल्शियम बांधून टाकते आणि गाय जागेवर कोसळते. सलाईनमध्ये पातळ करून, सावकाश. हे औषध दिलेल्या गाईच्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातल्या बाईला पहिल्यांदा कळते. ते दूध संघाच्या टाकीत गेले तर काय होईल याचा विचार व्हावा. कोणत्या औषधानंतर किती दिवस दूध घालायचे नाही हे बाटलीच्या कागदावर छापलेले असते. इमिडोकार्ब तर अंगात फार दिवस राहते. उपचार करणाऱ्याने तो आकडा मालकाला तोंडाने सांगावा आणि चिठ्ठीवर लिहून द्यावा.

चौथा रोग गोचिडाचा नाही, माशीचा. सर्रा. कालव्याच्या आणि कृष्णेच्या काठच्या दलदलीत वाढणारी मोठी चावरी गोमाशी एका जनावराचे रक्त तोंडात घेऊन दुसऱ्याला चावते आणि ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी पोचवते. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांना डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो सापडला, म्हणून हे नाव. बैल किंवा म्हैस एकाएकी गोल गोल फिरते, भिंतीला डोके लावते, दात खाते, कोसळते. कुणाला पिसाळल्यासारखे वाटते, कुणाला करणी. रेंगाळलेल्या प्रकारात ताप येतो-जातो, जनावर खंगते, गाभण म्हैस गाभडते. परजीवी रक्तात लाटेसारखे येतात, त्यामुळे एक पट्टी रिकामी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नये. ताप चढता असताना पुन्हा काढावी. औषध क्विनापायरामीन. यात सल्फेट आणि क्लोराइड असे दोन क्षार असतात. सल्फेट लगेच विरघळून काम करते. क्लोराइड कमी विरघळते, कातडीखाली साठून राहते आणि पुढचे काही आठवडे राखण करते. म्हणूनच बाटली दर वेळी हलवून मगच सुई भरायची. न हलवता भरली तर पहिल्या जनावराला नुसते वरचे पाणी मिळते आणि शेवटच्याला तळाचा गाळ. कातडीखालीच द्यायचे, मोठ्या जनावराला दोन-तीन जागी वाटून. त्या दिवशी बैल जुंपायचा नाही, घोडा पळवायचा नाही. सर्र्यात रक्तातली साखर उतरते, म्हणून आडव्या पडलेल्या जनावराला डेक्स्ट्रोजचे सलाईन सोबत हवे. नुसते डिमिनॅझिन देऊन भागवले तर मेंदूत शिरलेले परजीवी वाचतात आणि रोग उलटतो. हा फक्त जनावरांचा रोग म्हणून कानाडोळाही नको. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला होता, त्याच्यावर सुरामिनने उपचार करावे लागले.

वासरे, करडे आणि कोंबड्यांतला कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला एकपेशीय परजीवी, थोडक्यात सांगतो, कारण तिथे निदानाचा घोळ कमी आहे. ओल्या, दाटीच्या गोठ्यात तीन आठवडे ते सहा महिन्यांच्या वासराला रक्तमिश्रित जुलाब आणि कुंथणे. ॲम्प्रोलियम किलोला १० मिलिग्रॅम, रोज एकदा, ५ दिवस. हे औषध परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, असे त्याचे काम. म्हणून ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून त्याच दिवसांत बी कॉम्प्लेक्स देणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे. पाच दिवसांपेक्षा जास्त लांबवूही नये, नाहीतर वासरालाच बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होतो आणि झटके येतात. खानापूर-विट्याकडच्या पोल्ट्र्यांत खाद्यातच कॉक्सिडियावरचे मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असते. असल्या खाद्याचे पोते घोड्यापासून लांब ठेवा. शर्यतीच्या घोड्याला ताकदीसाठी म्हणून पोल्ट्रीचे खाद्य चारणारे आहेत. किलोला दोन-तीन मिलिग्रॅम मोनेन्सिन घोड्याचे हृदय बंद पाडायला पुरते. आणि त्याच कोंबड्यांना श्वासाच्या रोगासाठी टियाम्युलिन दिले तर ही दोन औषधे एकमेकांत मिसळून कोंबड्या लंगड्या पडून मरतात.

आता गोचीड. औषधाची फवारणी करूनही गोचीड हटत नाही ही सगळ्यांची तक्रार. त्याचे कारण गोचिडाच्या दोन जातींत आहे. बबेसिया पसरवणारा निळसर बारीक गोचीड अळी ते मादी सगळा जन्म एकाच गाईवर, सुमारे तीन आठवडे काढतो. त्याच्यासाठी गाईवर फवारणी बरोबर, १५ ते २० दिवसांनी पुन्हा. थायलेरिया पसरवणारा हायलोमा, लांब तोंडाचा, पायांवर पट्टे असलेला, वाढताना जनावर बदलतो आणि मधला काळ भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांदीत काढतो. तुम्ही गाय धुतली, तो भिंतीत हसतो. त्याच्यासाठी भेगा सिमेंटने बुजवणे, चुना, भिंतीच्या बुडाशी फ्लेमगनची ज्योत, आणि फवारणी गाईइतकीच गोठ्यावर. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के किंवा ॲमिट्राझ १२.५ टक्के, दोन्ही लिटरला २ मिली. मोठ्या गाईला तीन-चार लिटर द्रावण लागते. अर्ध्या लिटरच्या स्प्रेने पाठ ओली करून कान, कास, शेपटीचे बूड आणि मांड्यांची आतली बाजू कोरडी ठेवली तर गोचीड तिथेच असतात. आधी पाणी पाजा म्हणजे जनावर अंग चाटणार नाही. ॲमिट्राझ घोड्याला नको. आणि द्राक्षबागेतली फवारणीची बाटली गोठ्यात आणू नका, तिच्यातले प्रमाण वेगळे असते.

ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणाऱ्या बैलांवर किंवा आटपाडी-माणच्या दुष्काळात चारा छावणीतल्या जनावरांवर सगळे खापर फोडणे सोपे आहे. ते बैल परजीवी बाळगतात हे खरे. पण आपली जर्सी आणि एचएफ (होल्स्टिन) कालवड या रोगाला मुळातच नाजूक, हे आपणच ठरवून घेतलेले ओझे. तिच्यासाठी थायलेरियाची जिवंत लस उपलब्ध आहे. दोन महिन्यांवरच्या संकरित वासराला ती देतात. अडचण एवढीच की ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. पण कृत्रिम रेतनाच्या निमित्ताने नायट्रोजनचे कंटेनर आजही गावोगाव मोटारसायकलवर फिरतातच. त्याच फेरीत महिन्यातून एक दिवस लसीचा ठरवता येईल. लस दिल्यावर लगेच कुणी बुपारव्हाकोन टोचले तर लसीतला परजीवी मरून लस फुकट जाते, एवढे पथ्य.

म्हणून दूध संघांना आणि जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागाला मागणे अगदी छोटे आहे. दर दहा-पंधरा गावांमागे एका दवाखान्यात चालू स्थितीतला मायक्रोस्कोप, गिम्सा रंग आणि तो बघणारा माणूस, सकाळच्या दुधाच्या वेळेत. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय शेजारच्याच सातारा जिल्ह्यात आहे. पट्ट्या वाचायचे प्रशिक्षण तिथे देता येईल. संकलन केंद्रावर वीस कोऱ्या काचपट्ट्या आणि शिसपेन्सिल ठेवली तर दुधाच्या गाडीबरोबर पट्टी तालुक्याला पोचते, वेगळा खर्च नाही. तोवर १९६२ या नंबरवर फिरते पथक बोलावताना ‘गोचीडताप’ एवढेच सांगू नका. ताप किती, लघवीचा रंग कसा, गाठी लागतात का, व्याली कधी, हे चार प्रश्न आधी गोठ्यात बघून मगच फोन करा.

आणि इंजेक्शन कुणीही देवो, रिकामी बाटली उकिरड्यावर फेकू न देता जनावर उठेपर्यंत दिवळीत ठेवा, वर किती मिली दिले आणि कोणत्या वेळी ते लिहून. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरला तुमच्या सांगण्यापेक्षा त्या बाटलीवरून जास्त कळेल.

आपला,
एक पशुवैद्यक, ता. कडेगाव, जि. सांगली